एका फोनातील चार माणसे

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थी महिलांना राज्य शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक केली, तेव्हा चर्चेचा सारा भर मुदत, संकेतस्थळाचा वेग आणि अपात्र नावे यांवरच राहिला. त्या प्रक्रियेतील एक साधी गोष्ट मात्र जवळजवळ दुर्लक्षित राहिली. महिलेचा आधार क्रमांक भरला की एक ओटीपी येणार. मग पतीचा किंवा पित्याचा आधार क्रमांक भरला की दुसरा ओटीपी येणार. पहिला तिच्या फोनवर आणि दुसरा त्याच्या फोनवर, असे चित्र योजनाकारांच्या मनात असावे. निफाड, दिंडोरी किंवा पेठ तालुक्यातील कितीतरी घरांत हे दोन्ही ओटीपी एकाच फोनवर येतात, आणि तो फोन बहुधा घरातील कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. दरमहा १,५०० रुपये स्त्रीच्या स्वतःच्या नावे, तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावेत, हा या योजनेचा गाभा आहे. ते जमा झाल्याचा संदेश मात्र तिच्याआधी दुसराच कोणी तरी वाचतो.

ही अपवादात्मक घरांची गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरण्यासाठी मोबाइल असलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण ५४ टक्के आढळले. आधीच्या पाहणीत ते सुमारे ४६ टक्के होते. वाढ झाली, हे खरे. तरी जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या हाती स्वतःचा म्हणता येईल असा साधा फोनही नव्हता. पुढच्या पिढीचे चित्रही फारसे निराळे नाही. 'असर'च्या २०२३ च्या अहवालाने ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगट पाहिला. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांजवळ तो स्वतःचा होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. म्हणजे मुलीला फोन चालवता येतो, पण तो भावाचा, वडिलांचा किंवा आईचा असतो. हिशेबाला, अभ्यासाला, भजनाला आणि भांडणाला तोच फोन.

अशा सामाईक वस्तूत आपले असे काही ठेवायचे कसे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. जुन्या नाशकातील वाड्यांत माजघर सर्वांचे होते, स्वयंपाकघर सर्वांचे होते, अंगणातला आड तर शेजाऱ्यांचाही होता. स्वतंत्र खोली ही कल्पनाच बहुतेक सुनांच्या वाट्याला आली नाही. परंतु माहेरून आलेली एक ट्रंक असे, तिला लहानसे कुलूप असे आणि किल्ली पदराच्या गाठीला असे. त्या कुलपात फारसे बळ नव्हते, बत्त्याच्या एका घावात ते तुटले असते. तरी सासू ते उघडत नसे. उघडलेच तर चार घरांत त्याची चर्चा होई. पुढे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांनी एका खोलीत संसार थाटले, तेव्हाही खाटेखाली ट्रंका होत्याच. घर लहान असले तरी खाजगीपणाला जागा ठेवण्याची ही आपली जुनी रीत होती. स्मार्टफोन घरात आला तो मात्र अशी ट्रंक न घेता आला, निदान पाहणाऱ्याला तरी तसे वाटले.

वस्तुतः ती ट्रंक त्यात आहे. आज ज्याला आपण पासवर्ड म्हणतो, तो संगणकावर आला तोच मुळी एक यंत्र अनेकांनी वाटून वापरायचे होते म्हणून. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था उभी केली. एकाचे काम दुसऱ्याच्या हाती लागू नये, यासाठी तेथे प्रत्येकाला संकेतशब्द मिळाला. पुढे 'एक माणूस, एक यंत्र' हे श्रीमंत देशांचे गृहीतक झाले आणि खिशातला फोन त्याच गृहीतकावर घडवला गेला. तरीही अँड्रॉइडने २०१२ मध्ये टॅबलेटवर आणि २०१४ मध्ये फोनवर 'अनेक वापरकर्ते' ही सोय दिली. एका फोनावर आई, वडील, मुलगी असे स्वतंत्र कप्पे करता येतात. प्रत्येकाचे कुलूप वेगळे, छायाचित्रे वेगळी, ॲप वेगळी, त्यांतील संभाषणेही वेगळी. ज्याच्या नावे फोन आहे तो दुसऱ्याचा कप्पा समूळ पुसू शकतो, परंतु कुलूप ठाऊक नसेल तर आत डोकावू शकत नाही. आपल्या ट्रंकेपेक्षा हे कुलूप कितीतरी मजबूत आहे. २०२४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १५ ने 'प्रायव्हेट स्पेस' नावाचा आणखी एक कप्पा दिला, आणि तो कप्पा आहे हेसुद्धा दडवून ठेवता येते. शाओमीच्या फोनांत 'सेकंड स्पेस', सॅमसंगच्या फोनांत 'सिक्युअर फोल्डर' अशा नावांनी याच जातीच्या सोयी आढळतात. ॲपलच्या आयफोनवर मात्र आजही दुसऱ्या वापरकर्त्याला जागा नाही. घरातील प्रत्येकाने स्वतःचा आयफोन घ्यावा, हेच त्या कंपनीच्या व्यापाराला मानवणारे आहे.

मग ही सोय घरोघर का दिसत नाही? पहिले कारण कंपन्यांचे. 'अनेक वापरकर्ते' ही सोय ठेवायची की काढायची, याची मुभा फोन बनवणाऱ्याला आहे, आणि अनेकांनी ती काढूनच टाकली आहे. जिथे ती आहे तिथे सेटिंग्जच्या तळाशी आहे. दुसरे कारण जागेचे. प्रत्येक कप्पा आपली छायाचित्रे आणि ॲपचा मजकूर स्वतंत्र साठवतो. अशा बोज्याखाली स्वस्त फोन धापा टाकू लागतो. ज्या घराला एकच फोन परवडतो त्याच घराला या सोयीची खरी गरज, आणि त्याच घरातल्या फोनाला ती पेलत नाही. बाजार गरजेला नव्हे तर ऐपतीला उत्तर देतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातील वाक्य येथे शब्दशः खरे ठरते.

तिसरे कारण अधिक नाजूक आहे. "आमच्यात लपवण्यासारखे आहेच काय?" हा प्रश्न आपल्या घरांत फार सहज विचारला जातो, आणि तो विचारणारा बहुधा ज्याच्याजवळ फोन असतो तोच असतो. खाजगीपणा आजही घरात आहेच. तो एकाच माणसाजवळ साठलेला आहे. फोन दिवसभर ज्याच्या खिशात, त्याला वेगळ्या कप्प्याची गरज नाही; त्याला सारा फोनच कप्पा आहे. रात्री दहा मिनिटांसाठी फोन हाती येणारी पत्नी किंवा मुलगी मात्र परत देण्यापूर्वी संदेश पुसते, पाहिलेल्या गोष्टींची यादी पुसते, मैत्रिणीला "आता काही पाठवू नकोस" असे कळवते आणि तोही संदेश पुसते. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातील स्त्रियांच्या फोनवापराचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमके हेच वर्णन करतो. खाजगीपणा ही श्रीमंत बायकांची चैन, असे म्हणणाऱ्या स्त्रियाही प्रत्यक्षात पुसण्याच्या आणि लपवण्याच्या नाना युक्त्या करत होत्या. तेव्हा स्वतंत्र कप्प्याने घरात गुपिते निर्माण होतील ही भीती उलट्या बाजूने पाहणारी आहे. कप्पा गुपिते निर्माण करत नाही. तो पुसण्याचे कष्ट वाचवतो.

या भीतीत काहीच तथ्य नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. भिंत दोन्ही बाजूंनी भिंत असते. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली, त्यापूर्वी कितीतरी तरुणांनी घरच्यांच्या नकळत पैसा त्यांत ओतला. असला व्यवहारही बंद कप्प्यात राहू शकतो. फिलिपीन्समधील विवाहित जोडप्यांवर नावा अश्रफ यांनी केलेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे आठवतो. ज्या घरांत बचत पत्नीच्या हाती होती, तेथे मिळालेली रक्कम पत्नीला कळणार नाही अशी खात्री असली की पती ती आपल्या खात्यात वळवीत. आधी बोलणे झाले की तीच रक्कम पत्नीच्या खात्यात जाई. पुरुषालाही लपवावेसे वाटते, हा त्यातील गमतीचा भाग. अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच, की कोणाला काय दिसते यावर घरातला पैसा कोठे जातो हे ठरते. गॅरी बेकर यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात कुटुंबाला जणू एकच मन असल्यासारखे मांडले. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये त्याला उत्तर दिले, की कुटुंबात सहकार्यही असते आणि हितसंबंधांचा संघर्षही, आणि ज्याची घराबाहेरची स्थिती दुबळी त्याचा सौद्यातला वाटा कमी. शासनाच्या योजना कागदावर सेन यांच्या असतात. फोन मात्र बेकर यांचा असतो.

नाशिक रोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या नोटांचा एक गुण कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने पुरेसा गौरवलेला नाही: त्या तांदळाच्या डब्यात मावतात. भाजीच्या पैशांतून उरलेले, माहेरच्यांनी जाताना हातावर ठेवलेले, शिवणकामाचे सुटे, असे सारे त्या डब्यात जाई आणि घरातील कोणालाही त्याचा संदेश जात नसे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने हे डबे एका रात्रीत उघडे पाडले. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असे सरकारने तेव्हा जाहीर केले. प्राप्तिकर खात्याची चौकशी टळली. घरातली टळली नाही. त्याच वर्षी आलेल्या यूपीआयने नंतर रोजचा व्यवहार फोनात नेला. त्याची सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण तांदळाच्या डब्याची जागा ज्या यंत्राने घेतली, ते यंत्र प्रत्येक जमेची आणि खर्चाची घंटा वाजवते, आणि ती घंटा फोन हाती असणाऱ्याला ऐकू येते.

येथेच स्वतंत्र कप्प्याच्या सोयीची मर्यादा उघड होते. कप्पा फोनाच्या आत असतो; ओटीपी सिमकार्डावर येतो. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या वापरकर्त्याला कॉल आणि साध्या संदेशांची मुभा द्यायची झाल्यास त्यांची सगळी नोंद सामाईक होते. न दिल्यास ते फक्त मुख्य वापरकर्त्याकडे राहतात. म्हणजे मुलीने आपली छायाचित्रे आणि मैत्रिणींशी झालेले बोलणे कुलपात ठेवले, तरी तिच्या खात्याचा, शिष्यवृत्तीचा किंवा दवाखान्यातील नोंदणीचा संदेश ओटीवरच येऊन पडतो. त्यात एकच मोबाइल क्रमांक घरातील सर्वांच्या आधारला जोडता येतो. ही सवलत गरीब घरांसाठी आवश्यकच होती. पण तिच्यामुळे चार माणसांची सरकारदरबारची ओळख एका खिशात जाऊन बसली. अर्जावर मोबाइल क्रमांकासाठी दहा चौकोन असतात. तो फोन कोणाजवळ असतो, हे कोणी विचारत नाही.

कायद्याकडून येथे फारशी आशा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला. परंतु व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. तसे करणे रास्तच होते, कारण नवऱ्याने बायकोचा संदेश वाचला म्हणून मंडळापुढे खटले चालवणे कोणालाच परवडणारे नाही. तथापि याचा अर्थ असा, की कायदा उंबरठ्यापाशी थांबतो, आणि उंबरठ्याच्या आत जे काही रक्षण व्हायचे ते यंत्राच्या रचनेनेच व्हायला हवे.

म्हणून रचना करणाऱ्यांकडेच काही मागणे रास्त ठरते. स्वस्त फोनांत स्वतंत्र वापरकर्त्याची सोय काढून टाकण्याची मुभा कंपन्यांना असू नये, निदान सरकारी खरेदीच्या फोनांत तरी ती अट असावी. अंगणवाडी सेविकांना शासनाने फोन पुरवले, तेव्हा अशी अट घालण्याची संधी होती. दुसरे, पैसा जमा झाल्याचा संदेश कोणत्या मार्गाने हवा, याची निवड स्त्रीला मिळावी. पासबुकात नोंद पुरेशी आहे असे तिने सांगितले तर संदेश जाऊ नये. तिसरे, ओटीपीखेरीज ओळख पटवण्याच्या वाटा मोकळ्या असाव्यात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत डिजिटल व्यवहारांसाठी अशा इतर पद्धतींना वाट करून दिली आणि अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन यंत्र घेऊन दारी येतो आणि अंगठ्याच्या ठशावर पैसे देतो. हा अंगठा तरी दुसऱ्याच्या खिशात नसतो. अर्थात द्राक्षांची विरळणी आणि कांद्याची लागवड करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्र अनेकदा नाकारते. त्यांच्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय गावातील सेवा केंद्रात, शक्य तर स्त्री चालकाच्या हाती, असायला हवी. पती आणि पिता दोघेही हयात नसलेल्या स्त्रियांसाठी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत मागाहून वेगळी व्यवस्था करावी लागली, यावरून मूळ आराखडा कोणत्या घराकडे पाहून काढला होता ते दिसतेच.

घरांतील कप्प्यांचे काम मात्र शासनाची वाट न पाहता सुरू होऊ शकते. नाशिकच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दर हिवाळ्यात खेड्यांत जातात; रस्ते झाडून आणि बंधारे बांधून होतात. त्याच शिबिरातील दोन संध्याकाळी, गावातील घरांच्या फोनांत ही सोय आहे की नाही हे पाहण्यात आणि जिथे आहे तिथे घरातील प्रत्येकाचा कप्पा सर्वांच्या देखत उघडून देण्यात जाऊ शकतील. सर्वांच्या देखत, कारण लपून उघडलेला कप्पा सापडला तर त्याची किंमत मुलीलाच मोजावी लागते, आणि वडिलांचा, भावाचा आणि आजीचाही कप्पा त्याच बैठकीत झाला तर तिच्या कुलपाकडे वेगळे बोट दाखवायला कोणी उरत नाही.