'शून्य शुल्क'वाल्या कार्डाचं बिल शेवटी भरतं कोण?

आमच्या गल्लीतले काका-काकू, दोघंही निवृत्त शिक्षक, गेल्या हिवाळ्यात बँकॉक-पट्टायाला जाऊन आले. आयुष्यातला पहिला परदेश प्रवास. निघायच्या आधी काकांनी रीतसर फॉरेक्स कार्ड काढलं. काउंटरवरच्या पोराने सांगितलं, "सर, डॉलरचं घ्या, डॉलर सगळीकडे चालतो. झीरो मार्कअप आहे." काका खूश. शून्य म्हणजे शून्य, गणिताच्या मास्तरला आणखी काय समजावून सांगायचं?

परत आल्यावर एका रविवारी ते स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "बाळा, ह्यात माझं काय चुकलं ते सांग." हा हिशोब आम्ही दोघांनी बसून केला. तुम्हीही बघा.

काकांनी तिथल्या एटीएममधून चार वेळा दोन-दोन हजार बाट काढले. का? तर परक्या गावात जास्त रोकड खिशात नको. विचार शहाणपणाचाच होता. पण थायलंडमध्ये परदेशी कार्ड घातलं की यंत्राची मालक बँक तेव्हा दर वेळी स्वतःचे २२० बाट कापून घेत होती. दोन हजार काढा नाहीतर वीस हजार, २२० ठरलेलेच. चार वेळचे ८८० बाट तिथेच गेले.

मग आपल्याकडच्या कार्ड देणाऱ्या बँकेचं शुल्क. दर वेळी दोन डॉलर, म्हणजे एकूण आठ डॉलर. तेव्हा डॉलरला साधारण ३३ बाट मिळत होते, म्हणजे हे झाले २६४ बाट.

शेवटचा फटका सगळ्यात गमतीचा. कार्डात डॉलर, यंत्रातून निघतात बाट. मग डॉलरचे बाट करायचे साडेतीन टक्के. याला ते 'क्रॉस करन्सी' शुल्क म्हणतात. तेसुद्धा नुसत्या ८,००० बाटांवर नाही, यंत्राने कापलेल्या २२० धरून, म्हणजे ८,८८० वर. झाले ३११ बाट.

बेरीज करा. ८८० अधिक २६४ अधिक ३११. आठ हजार बाट हातात पडावेत म्हणून काकांनी १,४५५ बाट मोजले. अठरा टक्क्यांच्या वर! आपल्या रुपयांत साडेतीन हजारांहून जास्त. गावातला सावकार वर्षाला अठरा टक्के मागतो तेव्हा आपण त्याला शिव्या घालतो. इथे काकांचेच पैसे काकांना द्यायला अठरा टक्के घेतले, आणि जाहिरातीत लिहिलंय शून्य.

आता कुणी म्हणेल, "अहो, सगळं नियमावलीत लिहिलेलं असतं. वाचायला नको का?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण काकांनी वाचलं होतं. 'झीरो मार्कअप' हे शब्द खोटे नव्हते. त्यांचा अर्थ एवढाच होता, की कार्डात ज्या चलनात पैसे भरलेत त्याच चलनात खर्च केलात तर वरून टक्का लागणार नाही. काकांना डॉलर भरून दिले आणि पाठवलं अशा देशात जिथे डॉलर खर्चच होत नाही! बाट भरायची सोय बऱ्याच कार्डांवर असते, ती विचारली का नाही? कारण विचारणाऱ्याला माहीत नव्हतं आणि विकणाऱ्याला गरज नव्हती.

माझा आक्षेप शुल्कालाच आहे असं समजू नका. बँक धर्मादाय संस्था नाही, सेवा दिली तर पैसे घ्यावेत. प्रीपेड कार्डाचे फायदेही खरे आहेत. कार्ड हरवलं तर त्यात भरलेल्या रकमेपुरताच धोका, बचत खात्याला कुणी हात लावू शकत नाही. ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीचा दर पक्का, नंतर रुपया घसरला तरी चिंता नाही. माझा आक्षेप आहे तो एकच किंमत पाच खिशांत वाटून ठेवण्याला, म्हणजे कुठलाच खिसा जड दिसणार नाही अशा बेताने.

हे पाच खिसे कोणते ते एकदा नीट बघून घ्या.

पहिला खिसा दराचा. समजा बाजारात डॉलर ८५ रुपयांना आहे आणि तुम्हाला तो ८७ ने विकला. वर 'कमिशन शून्य' अशी पाटी. हजार डॉलर घेतलेत तर दोन हजार रुपये दरातच गेले, आणि ते कुठल्याही पावतीवर 'शुल्क' म्हणून दिसणार नाहीत. यावर जीएसटी असतो तो वेगळा. एक लाखापर्यंतच्या खरेदीत रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के, म्हणजे ८७,००० वर १५६ रुपये ६० पैसे. सरकारचा हा हिस्सा पावतीवर पैशापर्यंत दिसतो. बँकेचे दोन हजार दिसत नाहीत!

दुसरा खिसा कार्ड काढण्याचा आणि पुन्हा पैसे भरण्याचा. कुठे माफ, कुठे काहीशे रुपये.

तिसरा खिसा दर वेळी रोकड काढण्याचा. बऱ्याच कार्डांवर नुसती शिल्लक बघायलाही अर्धा डॉलर पडतो. काकांनी 'पैसे आहेत ना' म्हणून दोनदा बघितली होती. ती मी वरच्या हिशोबात धरलेलीच नाही.

चौथा खिसा तिथल्या यंत्राच्या मालकाचा आणि तिथल्या दुकानदाराचा. यंत्र किंवा दुकानातली मशीन प्रेमाने विचारते, 'तुमच्या चलनात, रुपयांत व्यवहार करायचा का?' आपल्याला बरं वाटतं, आकडा ओळखीचा दिसतो. पण हो म्हणालात की दर त्यांचा लागतो, आणि तो बाजारापेक्षा चार-पाच टक्के, कधी त्याहूनही महाग असतो. फॉरेक्स कार्डवाल्यांचा तर दुहेरी घात. कार्डात युरो, दुकानात युरो, आणि मध्येच तुम्ही रुपये निवडले, म्हणजे युरोचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा युरो. दोन्हीकडून कातर. म्हणून कुठल्याही देशात, कुठल्याही यंत्रावर, तिथलंच चलन निवडा. 'नको' म्हटल्यावर व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटेल असा पडदा मुद्दाम बनवलेला असतो. घाबरू नका, पैसे येतात.

पाचवा खिसा परत आल्यावरचा. उरलेले डॉलर परत करायला गेलात की खरेदीचा दर वेगळा, विक्रीचा वेगळा. नाही गेलात तर काही कार्डांवर 'वापर नाही' म्हणून हळूहळू कापत राहतात. परत आल्यापासून १८० दिवसांत उरलेलं परकी चलन परत करावं लागतं, दोन हजार डॉलरपर्यंत स्वतःकडे ठेवता येतं. काकांच्या कार्डात अजून पन्नासेक डॉलर पडून आहेत. ते कसे काढायचे हे विचारायला काका तीनदा शाखेत गेले. तीनदा वेगळं उत्तर मिळालं.

"मग झीरो मार्कअपचं क्रेडिट कार्ड घ्या की," असं पुण्या-मुंबईचे मित्र लगेच सांगतात. खरंच चांगली कार्डं आहेत, मिळत असतील तर जरूर घ्या. पण पासष्टीच्या पेन्शनरला, सहकारी बँकेत खातं असलेल्या शेतकऱ्याला, पहिल्यांदा शिकायला निघालेल्या पोराला ती सहज मिळत नाहीत. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. "यूपीआय चालतं आता परदेशात," असंही सांगतात. चालतं, सिंगापूर, यूएई, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान अशा ठिकाणी, पण तेही सगळ्या दुकानांत नाही. "रोख डॉलर न्या," म्हणावं तर एका प्रवासाला नोटांची मर्यादा तीन हजार डॉलर, आणि नोटांचा दर बहुतेक वेळा कार्डापेक्षाही महाग. म्हणजे ज्याच्याकडे पर्याय कमी तोच जास्त भरतो. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

आणखी एक युक्तिवाद असतो: "दीड-दोन लाखांची सहल केलीत, तीन-चार हजारांसाठी काय रडता?" साहेब, हीच सवय लावून तर हे दुकान चाललंय. सहलीचे पैसे लोकांनी वर्ष-वर्ष बाजूला काढलेले असतात. आणि सहल सोडा. आपल्याकडची किती मुलं आज जर्मनीत, आयर्लंडमध्ये, कॅनडात शिकायला जातायत. तिथलं खातं उघडेपर्यंत पहिले काही आठवडे ती याच कार्डावर जगतात. खोलीचं डिपॉझिट, बसचा पास, पहिलं वाणसामान. आईबापांनी कर्ज काढून भरलेल्या पैशांतून दर वेळी पन्नास-पन्नास युरो काढत राहिली, तर दर वेळी दीड-दोन युरो कुणाच्या घशात जातात?

अडाणीपणा प्रवाशाचा नाही. किंमत सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. भाजीवाली मावशीसुद्धा पिशवीत टाकायच्या आधी भाव सांगते.

आणि हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. युरोपीय संघाने २०१९ मध्ये नियम केला आणि २०२० पासून तो लागू झाला. तिथे कार्डाचा व्यवहार करताना चलनबदलाचा एकूण अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के जास्त आहे, ते आधी दाखवावं लागतं. एकच टक्केवारी, म्हणजे दोन ठिकाणची तुलना करता येते. आपल्याकडेही डॉलर, युरो, पौंड, येन यांचा संदर्भ दर कामाच्या दिवशी रोज जाहीर होतो. तोच पाया धरायचा आहे, नवीन शोध लावायचा नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक. कार्ड विकताना एक पान द्या, मराठीत. किरकोळ ग्राहकांचं छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावं ही रिझर्व्ह बँकेची जुनीच सूचना आहे. मग फॉरेक्स कार्डाची माहिती फक्त इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात का?

दोन. विक्रीचा दर संदर्भ दरापेक्षा किती टक्के जास्त, ते पावतीवर छापा.

तीन. सगळे खिसे शून्य असल्याशिवाय जाहिरातीत 'शून्य' शब्द वापरायला बंदी करा.

चार. ग्राहक कुठल्या देशात जातोय हे फॉर्मवर लिहून घेताच ना? मग तिथलं चलन कार्डात भरता येत असताना दुसरं दिलंत, तर क्रॉस करन्सी शुल्क बँकेने स्वतः सोसावं.

हे होईपर्यंत आपण काय करायचं? जिथे जाताय तिथलंच चलन कार्डात भरा. ते मिळत नसेल, जसं व्हिएतनामचं डोंग बहुतेक कार्डांवर भरताच येत नाही, तर अधिभार किती ते लेखी विचारा. रोकड कमी वेळा आणि एकदम काढा. काकांनी आठ हजार बाट एकाच वेळी काढले असते तर त्याच कार्डावर खर्च १,४५५ ऐवजी ५७५ च्या आसपास आला असता. दुकानात शक्य तिथे थेट कार्ड वापरा. यंत्र शुल्क दाखवून 'पुढे जायचं का' विचारतं, तिथे थांबून वाचा, महाग वाटलं तर रद्द करून दुसरं यंत्र शोधा. आणि दोन बँकांचे दर एकाच दिवशी, एकाच तासात विचारा.

फसल्यासारखं वाटलं तर गप्प बसू नका. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला वकील लागत नाही, फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

काकांची तक्रार आम्ही गेल्या आठवड्यात लिहिली. साडेतीन हजार परत मिळतील का, हे मला सांगता येत नाही. काका म्हणाले, "पैशाचं नाही रे. चाळीस वर्षं पोरांना शून्य शिकवलं. त्या शून्याचा असा अर्थ होतो हे कुणी सांगितलं नव्हतं."

तुमच्या घरातलं कुणी परदेशी निघालं असेल तर त्यांना हे निघायच्या आधी वाचायला द्या. आल्यावर वाचून उपयोग नाही.