शोधून दिले, पण वाचले कोणी?

गेल्या महिन्यात जवळच्या खेड्यातील एक गृहस्थ मुलाला घेऊन दवाखान्यात आले. वय ६२, मधुमेह जुना. रक्तदाब मोजला तर १९०/११०. "गोळी चालू आहे ना?" असे विचारताच ते मुलाकडे पाहू लागले. मुलाने मोबाईल पुढे केला. "डॉक्टर, यात संशोधनाचा आधार दिलाय. मीठ कमी केलं तर गोळी लागत नाही म्हणून. बारा दिवस झाले, बाबांनी बंद केली."

लेखाचे नाव, लेखक, नियतकालिक, वर्ष असे सारे व्यवस्थित दिलेले होते. रात्री मी ते शोधायला बसलो. असा लेखच कोठे नव्हता. यंत्राने तो रचलेला होता!

कृत्रिम बुद्धिमत्तेची ही खोड आता सर्वांना ठाऊक झाली आहे. माहिती नसेल तेथेही ती खऱ्यासारखे वाक्य जुळवते. त्यावर उपाय म्हणून नवी साधने निघाली आहेत. त्यांना 'एजंट' म्हणतात. एजंट म्हटले की आपल्याला जमिनीचा किंवा आरटीओचा एजंट आठवतो. कामही तसेच, दुसऱ्याच्या वतीने खेटे घालायचे. आपण प्रश्न विचारला की हा एजंट स्वतः शोधशब्द ठरवतो, पबमेडसारख्या भांडारात जातो, तेथील लेखांचे सारांश आणतो, पूर्ण लेख मोफत असेल तर तोही आणतो आणि मग उत्तर लिहितो.

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची सूची. ती १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. आम्ही शिकत होतो तेव्हा 'इंडेक्स मेडिकस'चे जाडजूड खंड चाळावे लागत. लेखाचा पत्ता सापडे, पण ते नियतकालिक आपल्या ग्रंथालयात असेलच असे नाही. असलेच तर झेरॉक्स काढायची. तालुक्याच्या गावी दवाखाना थाटल्यावर तर तेही संपले. म्हणून हे साधन मला मनापासून हवेसे वाटते. नव्याला नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही.

प्रयोग म्हणून मी अशा एका साधनाला विंचूदंशाबद्दल विचारले. दोन मिनिटांत त्याने महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील २०११ चा लेख समोर ठेवला. लेख खरा, आकडेही बरोबर. ७० रुग्ण. निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस दिली, निम्म्यांना नुसते प्राझोसिन. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८. आपल्या कोकणातल्या दवाखान्यातले काम जगातल्या कोणत्याही डॉक्टरला असे हाताशी मिळावे, याचा आनंद वाटला.

पण एक गोष्ट त्या उत्तरात नव्हती. हृदय, श्वास किंवा मेंदूवर परिणाम दिसू लागलेले रुग्ण या चाचणीत घेतलेलेच नव्हते. रात्री दोन वाजता धापा टाकणारे, तोंडाला फेस आलेले पोर खाटेवर असेल, तर हे आकडे त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. हे लेख उघडून वाचणाऱ्यालाच कळते. शोधणे आणि वाचणे ही दोन निराळी कामे आहेत. रुग्णाला न पाहता सल्ला देणारा, कितीही लेख आणो, उंटावरचा शहाणाच.

शिवाय छापलेले सारे टिकतेच असेही नाही. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक लेख आला. सुमारे ९६ हजार करोनारुग्णांची माहिती त्यात असल्याचे सांगितले होते. मूळ माहितीची खात्री पटवता आली नाही आणि जूनमध्ये तो लेख मागे घ्यावा लागला. पबमेडवर अशा लेखावर तसा शेरा असतो. एजंटाने तो शेरा वाचला की नाही, हे आपणच पाहायला हवे.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. मोबाईलने लेखाचा आधार दिला तर त्याचा पबमेड क्रमांक मागावा. तो क्रमांक पबमेडवर घालून तोच लेख निघतो का, तो मागे घेतलेला तर नाही ना, हे पाहावे. मग तो लेख आपल्या डॉक्टरांकडे न्यावा आणि विचारावे, "हा अभ्यास माझ्यासारख्या रुग्णावर झालाय का?" असे विचारल्याने डॉक्टरांनी रागावू नये. चार ओळी वाचायला आम्हालाही वेळ काढावाच लागेल. मात्र तोवर चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

त्या गृहस्थांची गोळी मी त्याच दिवशी सुरू केली. मीठ कमी करणे चांगलेच, पण गोळीच्या जोडीला, हेही समजावले. दोन आठवड्यांनी रक्तदाब १५०/९० वर आला. अजून खाली यायला हवा. मुलगा आता दर आठवड्याला त्यांना तपासायला घेऊन येतो. मोबाईल मात्र खिशात असतो.