चाळिशीतली पहिली गोळी आणि घरातली वडीलधारी माणसे

गणपतीसाठी मुंबईहून पोलादपूरच्या घरी आलेला मुलगा न्याहरी झाल्यावर एक गोळी घेतो. आई काळजीने विचारते, 'रक्तदाब निघाला का रे?' 'नाही गं, एडीएचडीची आहे,' तो सांगतो. वडील वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणतात, 'ते तर लहान मुलांचं असतं ना? तू आता चाळिशीचा झालास.' असा संवाद उद्या आपल्याही घरात घडू शकतो. तो घडेल तेव्हा आपण काय बोलावे आणि काय पाहावे, हा आजचा विषय.

एडीएचडी म्हणजे अवधानाची अस्थिरता आणि अतिचंचलता. ही अवस्था बालपणी सुरू होते. पण अनेकांच्या बाबतीत ती मोठेपणीही टिकते. प्रौढांमध्ये तिचे प्रमाण शंभरात सुमारे दोन ते तीन मानले जाते. मोठेपणी धावपळ कमी झालेली दिसते, आतली अस्वस्थता मात्र राहते. अशा माणसाकडे लक्ष नसते असे नव्हे. ते हवे तेथे वळवता येत नाही. मोटारसायकलचे इंजिन उघडून तो चार तास तल्लीन होईल, आणि विजेचे बिल मात्र खणात पडून राहील. घर त्याला आळशी म्हणते, कचेरी बेजबाबदार म्हणते, आणि कालांतराने तो स्वतःही तेच मानू लागतो. या अवस्थेचे सर्वांत मोठे नुकसान बहुधा हेच असते.

निदान एका भेटीत, प्रश्नावली भरून होत नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसू लागली होती का, ती घर आणि काम अशा एकाहून अधिक ठिकाणी आहेत का, त्यांनी आयुष्य अडले आहे का, हे मनोविकारतज्ज्ञ तपासतात. चिंता, नैराश्य, थायरॉईडचे विकार, अपुरी झोप, व्यसन यांमुळेही लक्ष उडते. तीही शक्यता पाहावी लागते. येथे आपली साक्ष मोलाची ठरते. मुलाच्या बालपणाचे दुसरे साक्षीदार कोण? 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असा शेरा असलेले जुने प्रगतिपुस्तक पेटीत असेल, तर ते जपून द्यावे.

हे ऐकताना आईवडिलांच्या मनात अपराधभाव येतो. तो ठेवू नये. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. संस्कार कमी पडले किंवा धाक कमी पडला म्हणून ती होत नाही.

आता औषधाविषयी. घरात बहुधा दोन टोकांची मते असतात: गोळीने सारे सुरळीत होईल, किंवा गोळीची सवय लागून माणूस वाया जाईल. खरी वाट मधली आहे, आणि ती महाडच्या परिसराला नवी नाही. लाल विंचवाच्या दंशाने येथे माणसे दगावत, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या निरीक्षणातून रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशात जीव वाचवते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयीचे टिपण प्रसिद्ध झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आजार वेगळा, औषध वेगळे. पण धडा तोच. औषध द्यावे, आणि शांतपणे नोंद ठेवावी.

प्रौढांमध्ये मुख्यतः दोन औषधे वापरली जातात. मिथाइलफेनिडेटचा परिणाम तासाभरात जाणवू लागतो आणि प्रकारानुसार काही तासांनी ओसरतो. ते सकाळी घेतात. उशिरा घेतल्यास झोप उडते. गैरवापराची शक्यता असल्याने त्यावर कायद्याचे नियंत्रण आहे आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दुसरे अ‍ॅटोमॉक्सेटिन, ते रोज घ्यावे लागते आणि त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. दोन्ही लहान मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून 'पैसे फुकट गेले' असे म्हणू नये.

औषधापूर्वी आणि प्रत्येक मात्राबदलानंतर रक्तदाब, नाडी व वजन मोजावे. भूक मंदावणे, तोंडाला कोरड पडणे, मळमळ, झोप कमी होणे हे त्रास सुरुवातीला होऊ शकतात. छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, नसलेले आवाज ऐकू येणे, विनाकारण संशय वाढणे, जीव नकोसा होणे, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार, काचबिंदू किंवा पूर्वीचा मानसिक आजार असल्यास तो आधीच सांगावा. सर्दीखोकल्याच्या गोळ्यांनीही काही वेळा रक्तदाब वाढतो. त्या विचारूनच घ्याव्यात.

नोंदवहीत झोप, भूक, रक्तदाब आणि दिवसाचे काम एवढे चार रकाने पुरेत. ती वही ज्याची त्याने लिहावी. आपण विचारले तरच सांगावे. पाहुण्यांसमोर 'आज गोळी घेतली नाहीस वाटतं!' असे म्हणणे हे निरीक्षण नव्हे, तो पहारा आहे. गोळी लक्ष स्थिर करायला मदत करते. सवयी मात्र घडवाव्याच लागतात. किल्लीला एकच खुंटी, बिलांची तारीख दिनदर्शिकेवर, एका वेळी एकच काम सांगणे, एवढी मदत घराला सहज करता येते.

आपल्या भागासाठी दोन सूचना. पोलादपूर किंवा महाडच्या दुकानात हे औषध असेलच असे नाही. म्हणून गावी येताना पुरेशा गोळ्या आणि मूळ चिठ्ठी सोबत असावी. पावसाळ्यात सावित्रीला पूर येतो, आंबेनळी घाट दरडींनी बंद पडतो. जुलै २०२१ चा अनुभव महाडकर विसरलेले नाहीत. पावसापूर्वीच पुढच्या भेटीची तारीख ठरवावी आणि औषधे कुलपात, पाणी न शिरेल अशा डब्यात ठेवावीत. ती दुसऱ्या कोणालाही देऊ नयेत.

हे वाचून 'मीही आयुष्यभर असाच होतो' असे एखाद्या ज्येष्ठ वाचकास वाटेल. तपासणीस वयाची अट नाही; मात्र हृदय व रक्तदाब पाहिल्यावाचून औषध सुरू करता येत नाही. पण विसरभोळेपणा गेल्या वर्ष-दोन वर्षांतच आला असेल, तर तो एडीएचडी समजू नये. ऐकू कमी येणे, थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश यांची तपासणी आधी करावी.

कोठून सुरुवात करावी हे न कळल्यास १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. पहिला फोन आजारी माणसानेच करावा असे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी केला तरी चालतो.