मशालवाला गेला आणि टेबल गप्प!

शनिवारची रात्र. आमच्या गेममधल्या राजाने शेवटचा श्वास घेतला. तोही चांगलं पाच मिनिटं भाषण ठोकून! मी घरी आरशासमोर प्रॅक्टिस करून गेलो होतो. कापरा आवाज, मिटलेले डोळे, सगळं जय्यत. भाषण संपलं. दोन सेकंद शांतता. आणि मग आमचा सॉफ्टवेअर टेस्टर मित्र म्हणाला, "त्याच्या बोटात अंगठी होती ना? मी काढून घेतो."

झालं! राजा सगळ्यांचा, शोक मात्र एकट्या माझा.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गेम गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. यात स्क्रीन लागत नाही. चार-पाच मित्र, वीस बाजूंचा फासा, कागद-पेन्सिल आणि एक गोष्ट, बस्स. प्रत्येक खेळाडू आपापला हिरो चालवतो. बाकीचं अख्खं जग, म्हणजे दुकानदार, सैनिक, राक्षस, राजे, हे सगळं डन्जन मास्टर उर्फ डीएम चालवतो. या बाकीच्या मंडळींना म्हणायचं एनपीसी. आमच्या ग्रुपचे डीएम म्हणजे अस्मादिक.

राजाचा पचका झाल्यावर मी नाद सोडला होता. आणि मग टोबिन आला.

टोबिन म्हणजे मशाल धरायला ठेवलेला पोरगा. रूलबुकात अशा साध्या कामाच्या माणसाचा रेट आहे, दिवसाला २ चांदीची नाणी. मी त्याला ना इतिहास दिला, ना रहस्य. फक्त दोन सवयी दिल्या. एक, रोज सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायचा. दोन, प्रत्येकाचं नाव थोडंसं चुकवायचा. पहिल्या दिवशी सगळे वैतागले. चौथ्या शनिवारी सगळे एकमेकांना त्याच चुकीच्या नावांनी हाका मारायला लागले. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा!

इथे पहिला धडा. माणूस जातो तेव्हा आपल्याला त्याचं मोठेपण आठवत नाही, त्याच्या सवयी आठवतात. माझ्या राजाला मोठेपणाशिवाय दुसरं काही नव्हतं. तो टेबलावर आला तोच मुळी मरायला.

दुसरा धडा असा की मरण स्क्रिप्टमधून येऊ देऊ नका, खेळाडूंच्या निर्णयातून येऊ द्या. गुहेत ट्रोल मागे लागला, तेव्हा पार्टीनेच ठरवलं, "टोबिन, तू तोंडाशी मशाल धरून थांब, आम्ही उजेडाच्या दिशेने पळत येतो." तो थांबला. सगळे बाहेर पडले, तो सोडून.

या गेममध्ये हिरो कोसळला की लगेच मरत नाही. दर फेरीला फासा टाकायचा, १० किंवा वर आलं तर जमेला, खाली आलं तर खर्चाला. आधी तीन जमा झाले तर वाचला, आधी तीन खर्ची पडले तर संपला. एनपीसी सहसा थेट मरतात, पण महत्त्वाच्या एनपीसीला हीच सवलत द्यायची मुभा डीएमला असते. मी दिली, आणि फासा सगळ्यांसमोर उघडा टाकला. ७. १४. ३. ९. मृत्यू माझ्या हातून सुटून टेबलावर आला होता.

आता कोणी म्हणेल, जादूने जिवंत करता येतंच की! येतं. २०१४ च्या नियमांप्रमाणे 'रिव्हिव्हिफाय' हा मंत्र मेल्यापासून एका मिनिटाच्या आत लावता येतो, पण त्यासाठी सोन्याच्या ३०० नाण्यांचे हिरे खर्ची घालावे लागतात. आमच्या पार्टीकडे ते नव्हते. तेव्हा डीएम लोकहो, खिशात काय आहे ते आधी बघून ठेवा. तुमचं दुःख एका हिऱ्यात आटोपायचं!

एक गोष्ट मात्र खेळाच्या आधीची. आमच्यातल्या एका मैत्रिणीचे बाबा त्याच वर्षी गेले होते. मी तिला आधीच बाजूला घेऊन विचारलं, "गेममध्ये कोणी जवळचं गेलं तर चालेल का?" ती थोडा विचार करून म्हणाली, "चालेल. पण ते दिवस दिवस झुरणं नको." म्हणून टोबिन पटकन गेला. बऱ्याच ग्रुपमध्ये टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवतात. कोणीही त्यावर बोट ठेवलं की तो सीन तिथेच थांबतो, का ते विचारायचं नाही. आम्हीही ठेवतो. रडवायची हौस आपली असते, जखम समोरच्याची.

मी या वेळी भाषण लिहिलंच नव्हतं. टोबिनचं शेवटचं वाक्य अर्धवट राहिलं. आणि शेवटचा धडा मला पुढच्या शनिवारी मिळाला. मी फक्त म्हटलं, "सकाळ झाली. चूल थंड आहे." कोणी काही बोललं नाही. चूल कोण पेटवणार हे ठरवायला पार्टीला दहा मिनिटं लागली. म्हणजे खरा सीन मरणाचा नसतोच, तो दुसऱ्या दिवशीचा असतो. जे काम तो माणूस करायचा, ते काम तसंच पडू द्या. दुसरा मशालवाला लगेच आणून उभा करू नका.

मग ती मैत्रीण, पेशाने सीए, वही काढून हिशेब करायला लागली. "त्याचा अकरा दिवसांचा पगार बाकी आहे. २२ नाणी. घरी कोण असतं त्याच्या?"

मी टोबिनला घर दिलंच नव्हतं. तिथल्या तिथे दिलं. नदीकाठचं एक गाव, आणि एक आई. पार्टीने खजिन्याचा नकाशा गुंडाळून ठेवला आणि दोन दिवसांची वाट वाकडी करून ती २२ नाणी पोचती केली. दारात मैत्रिणीच्या हिरोने आपलं नाव सांगितलं. चुकीचं, टोबिनवालं.

या वेळी अंगठीबद्दल कोणी विचारलं नाही.