शुगर हे कर्माचं फळ नव्हे

शुगर वाढली की रुग्णाला पहिला प्रश्न विचारला जातो, "काय खाल्लंत?" दवाखान्यात डॉक्टर विचारतात, घरात बायको विचारते, मुलगा विचारतो, शेजारीही विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. तुम्ही काहीतरी चोरून खाल्लं असणार, नाहीतर चालायला गेला नसणार. तपासायचं रक्त आणि निकाल द्यायचा चारित्र्याचा, असा हा प्रकार आहे.

मधुमेहाला दहा-बारा वर्षं झालेल्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. मलाही नाही. भात कमी केला, चहातली साखर सोडली, पहाटे उठून चालायला लागलो आणि तीन महिन्यांनी उपाशीपोटीचा आकडा आला १७८. अशा वेळी माणूस स्वतःला दोष देतो, नाहीतर "काही करून उपयोग नाही" म्हणून सगळंच सोडून देतो. गोळ्याही सोडतो. चळवळीतले कितीतरी कार्यकर्ते या दुसऱ्या वाटेने गेलेले आपण पाहिले आहेत. कोणाचा पाय कापावा लागला, कोणाची किडनी गेली, कोणाची नजर गेली. पन्नाशीतच आपण त्यांच्या शोकसभा घेतल्या. म्हणून हा विषय फक्त तब्येतीचा नाही, चळवळीचा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. "तुझी शुगर वाढली कारण तू चुकलास" हा विचार कर्मसिद्धांताचाच नवा अवतार आहे. जुना सिद्धांत सांगायचा, तू या जातीत जन्मलास कारण मागच्या जन्मी पाप केलंस. नवा सांगतो, तू आजारी पडलास कारण या जन्मात संयम ठेवला नाहीस. दोन्हींचा उपयोग एकच. दोष माणसाच्या माथी मारला की व्यवस्थेला कोणी प्रश्न विचारत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढे कोट्यवधी लोक एकाच पिढीत अचानक आळशी आणि खादाड झाले, असं कोणी म्हणत असेल तर त्याने ते सिद्ध करावं.

आधी विज्ञान काय सांगतं ते पाहू. रात्री काहीही न खाता सकाळी शुगर वाढलेली दिसते. आपण चक्रावतो. पण साखर फक्त ताटातून येत नाही. यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडतं, आणि पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात तेव्हा मधुमेहींच्या रक्तात ती जास्तच साचते. झोप नीट झाली नाही, ताप आला, ताण वाढला, तरी आकडा वर जातो. दुसरं म्हणजे हा आजार एका जागी थांबत नाही. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशी वर्षागणिक थकत जातात. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या हजारो रुग्णांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यात केवळ आहारावर ठेवलेल्या गटात नऊ वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर सातच्या खाली राहिलेले रुग्ण होते शंभरात फक्त नऊ. उरलेले एक्याण्णव जण चोरून जिलेबी खात होते काय? नाही. आजार पुढे सरकला होता आणि नुसता आहार त्याला पुरेनासा झाला होता.

मग पथ्य आणि व्यायाम थोतांड आहे का? अजिबात नाही. पण ते जिथे यशस्वी झालं तिथे काय होतं ते बघा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २००२ साली आला. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि थोडं वजन उतरवणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. हा आकडा आपल्याला नेहमी ऐकवला जातो. त्यामागची गोष्ट ऐकवली जात नाही. त्या प्रयोगात प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक दिला होता आणि सुरुवातीचे सोळा धडे एकेकाला समोर बसवून शिकवले होते. ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका प्रयोगात निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेले रुग्ण घेतले. वर्षभरात त्यांतले ४६ टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या मर्यादेबाहेर आले. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर उतरलं. त्यांनाही सुरुवातीचे काही महिने मोजून मापून तयार केलेलं पेय रोज पुरवलं होतं आणि पाठपुराव्याला प्रशिक्षित नर्स किंवा आहारतज्ज्ञ होते. आपल्याला काय मिळतं? झेरॉक्स काढलेला एक कागद. त्यावर ओट्स, ब्रोकोली, बदाम आणि ऑलिव्ह तेल लिहिलेलं असतं.

ही गोष्ट तथागतांच्या काळीही कळलेली होती. संयुत्त निकायात कोसलच्या प्रसेनजित राजाची कथा आहे. राजा भरपेट भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला पापी ठरवलं नाही, मागच्या जन्माचा हिशेब काढला नाही. मापात खाण्याचं महत्त्व चार ओळींत सांगितलं. राजाने त्या ओळी एका तरुणाला पाठ करायला लावल्या आणि रोज जेवताना त्या म्हणून दाखवायचं काम त्याला पगारावर दिलं. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला. या कथेतून लोक संयमाचा बोध घेतात. मी आणखी एक घेतो. ज्याच्या हाती सगळं राज्य होतं त्यालाही एकट्याच्या निर्धारावर ते जमलं नाही, रोज ताटाशी सोबत लागली. मग दोन पाळ्यांत राबणाऱ्या माणसाकडून एकट्याने सगळं जमवण्याची अपेक्षा कुठल्या न्यायाने करायची?

आता आपल्या शरीरांकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या मांडणीचा सारांश असा. आईचं पोषण अपुरं असलं तर बाळ कमी वजनाचं जन्मतं, त्याचे स्नायू कमी असतात, पण चरबी त्या मानाने टिकून राहते. असं बाळ पुढे वरून किडकिडीत दिसतं, पण आतून मधुमेहाला लवकर बळी पडू शकतं. म्हणून आपल्याकडे पोट न सुटलेल्या, हाडकुळ्या माणसालाही शुगर निघते. पिढ्यान्पिढ्या कोणाच्या आया अर्धपोटी होत्या, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाऊन सुकडीवर दिवस कोणी काढले, हे मी तुम्हाला सांगायला नको. जातीने आपल्याला उपाशी ठेवलं. ती उपासमार संपली असं वाटत असताना तिचं व्याज आपलं रक्त भरतं आहे. हे कर्माचं फळ असेल तर ते कोणाच्या कर्माचं, याचा विचार करा.

ताटाची गोष्ट तर आणखी उघड आहे. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला आणि माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क मिळाला. तो हक्क मोलाचा आहे, तो कमी करण्याची भाषा कोणी करू नये. कायद्यात भरडधान्याचीही सोय आहे. दुकानात मात्र मुख्यतः गहू आणि तांदूळच येतो. डाळ पैसे मोजून आणावी लागते. ज्वारीची भाकरी एके काळी गरिबाचं अन्न म्हणून हिणवली जायची. आज तिला 'श्री अन्न' म्हणतात, आणि ती रेशनच्या तांदळापेक्षा महाग पडते. मग गरीब घरात भात शिजतो. त्यासोबत पातळ आमटी असते, प्रथिनं नावापुरती.

आपल्या आजीच्या स्वयंपाकात प्रथिनं होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपल्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे, ती तरुणांनी जरूर वाचावी. मोठ्याचं मटण हे कष्टकऱ्यांचं सर्वांत स्वस्त, सकस अन्न होतं. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ते ताटातून गेलं. नंतर आहारतज्ज्ञाने विचारायचं, "प्रथिनं का घेत नाही?" बदाम भिजत घालण्याचा सल्ला देणाऱ्याने आधी हे उत्तर ऐकावं.

व्यायामाचंही तेच. पहाटेपासून रस्ता झाडणाऱ्या कंत्राटी सफाई कामगार बाईला संध्याकाळी सांगितलं जातं, "मावशी, रोज तासभर चालत जा." कुठे चालायचं? वस्तीतल्या गल्लीत दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, वर उघडी गटारं आणि भटकी कुत्री. बारा तासांची ड्युटी करणारा सिक्युरिटी गार्ड, रात्रपाळीचा ड्रायव्हर, यांची झोपच मोडलेली. ओल्या गमबुटात दिवसभर पाय ठेवणाऱ्याच्या तळव्याची संवेदना गेली, तर काच रुतलेली त्याला कळत नाही. जखम कळते तेव्हा ती चिघळलेली असते. या माणसाला आधी कोरडे, नीट बसणारे बूट हवेत, पायाची तपासणी हवी. प्रवचन नको.

काही मित्र म्हणतील, सगळा दोष व्यवस्थेवर टाकला तर लोक पथ्यच सोडतील. हा आक्षेप मला मान्य नाही. व्यवस्थेने जात लादली म्हणून बाबासाहेबांनी शिक्षण सोडलं नाही. अन्यायाचं कारण बाहेर आहे हे कळणं आणि आपल्या हातात आहे ते करणं, या दोन गोष्टी आपल्या चळवळीत पहिल्यापासून एकत्र आहेत. उलट अपराधीपणा गेला की माणूस तपासणीला घाबरत नाही, डॉक्टरशी खोटं बोलत नाही, गोळी वाढली तर हरल्यासारखं मानत नाही.

आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन तब्येतीची हेळसांड करणाऱ्यांशीही मला बोलायचं आहे. "बाबासाहेबांनी आजारपणात संविधान लिहिलं, आपण काय कुरकुरायचं!" असं भाषणात म्हटलं की टाळ्या पडतात. १९४८ च्या सुमाराला त्यांचा मधुमेह आणि पायांच्या नसांचं दुखणं बळावलं होतं आणि तरीही २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत त्यांनी ते काम तडीस नेलं, हे खरंच. पण त्यांनी उपचार टाळले नाहीत. मुंबईत डॉक्टरांकडे उपचार घेतले, पुढे स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांच्या पथ्यपाण्याची काळजी वाहिली. तरीही धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. आज मधुमेहात बहुधा पहिली दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी मधुमेहावर वापरल्याची पहिली माहिती प्रसिद्ध झाली १९५७ साली, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. घरी शुगर मोजायचं यंत्र तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं. जे त्यांना मिळालं नाही ते आज जनऔषधी दुकानात वडापावपेक्षाही स्वस्तात मिळतं, आणि आपण ते घ्यायला लाजतो! याला त्याग म्हणत नाहीत.

मग करायचं काय?

पहिलं, गोळी आणि इन्सुलिन ही हार नाही. "शुगर मुळापासून बरी" म्हणणाऱ्या काढ्याच्या जाहिरातीवर औषध बंद करू नका. बुवाबाजी फक्त देवळात नसते. गोळी घेऊन उपाशी राहिलात तर शुगर सत्तरच्या खालीही जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर खा.

दुसरं, जमेल तेवढंच ठरवा, पण ते रोज करा. आधी उसळ, भाजी, अंडं, सुकट, शेवटी भात, आणि तो निम्मा. जेवणानंतर दहा मिनिटं चाला, गल्लीत नाही तर घरात. तळवे रोज बघा. तीन-चार महिन्यांनी सरासरी शुगर, वर्षातून एकदा डोळे आणि किडनी तपासा. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हक्काने जा. मिळत नसेल तर लेखी मागा.

तिसरं, चळवळीने स्वतःची पद्धत बदलावी. बैठक रात्री अकराला सुरू करायची, वडापाव आणि तीन गोड चहांवर एक वाजेपर्यंत ओढायची, ही काही क्रांती नाही. जयंतीच्या भोजनदानात बुंदीऐवजी उसळ-भाकरी आली तर दान कमी होत नाही. रक्तदान शिबिराशेजारी शुगर तपासणीचं टेबल लावा. विहारात पहाटे वंदनेआधी अर्धा तास सगळ्यांनी मिळून चाला, बायाबापड्यांनाही त्यामुळे सुरक्षित सोबत मिळेल. प्रसेनजितला एक सोबती लागला होता. आपल्याकडे तर गावोगावी विहारं आहेत.

चौथं, मागण्या मांडा. रेशनवर ज्वारी आणि डाळ, मधुमेहींना शुगर मोजायच्या पट्ट्या मोफत, सफाई कामगारांना नीट बूट आणि पायांची नियमित तपासणी, वस्तीत चालण्यापुरती मोकळी जागा. पुढच्या मोर्चाच्या निवेदनात ही चार कलमं घाला. निवेदन द्यायला जाण्यापूर्वी मात्र जेवण करा आणि गोळी घ्या. हा लढा लांबचा आहे आणि तो लढायला माणसं जिवंत हवीत.

जय भीम!