विल्यम्सबर्गला जाल तेव्हा विचारा

यंदा ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे पूर्ण होतात. उन्हाळ्यात आई-बाबा आले की त्यांना काय काय दाखवायचे, याची यादी इथल्या मराठी घरांतून ठरलेली असते. नायगरा, व्हाइट हाउस, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, जमले तर ग्रँड कॅन्यन. या वर्षी त्या यादीत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचे नाव घाला, अशी माझी विनंती आहे. आणि गेल्यावर तिथल्या माणसांशी बोला. त्यांना विचारा. ते गाव त्यासाठीच उभे केलेले आहे.

विल्यम्सबर्ग १६९९ ते १७८० या काळात व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी होते. राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडले. पुढे १९२६ मध्ये ब्रुटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू गुडविन यांनी धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांना गळ घातली आणि त्यांच्या पैशांतून अठराव्या शतकातले गाव पुन्हा उभारायला सुरुवात झाली. म्हणजे त्या कामालाही यंदा शंभर वर्षे होतात. आज सुमारे तीनशे एकरांत ऐंशीहून अधिक मूळ इमारती आहेत. बाकीच्या पायांच्या खुणा, नकाशे आणि जुन्या नोंदी पाहून परत बांधलेल्या आहेत. मुख्य रस्त्यावर मोटारींऐवजी घोडागाड्या दिसतात. लोहाराचा भाता चालू असतो, छापखान्यात खिळे जुळवले जातात, कुठे पिंपांना कड्या बसवत असतात. यातले बरेच कारागीर सोंग घेऊन बसलेले नट नव्हेत. कित्येक वर्षे उमेदवारी करून ते तो धंदा शिकलेले असतात आणि त्यांच्या हातचे खिळे, विटा तिथल्याच बांधकामाला लागतात.

काही वर्षांपूर्वी मी आईला तिथे घेऊन गेले होते. गव्हर्नरच्या वाड्यात भिंतीभर मांडलेल्या बंदुका-तलवारी तिने पाहिल्या न पाहिल्यासारख्या केल्या. आम्ही वीटभट्टीपाशी आलो तेव्हा मात्र ती थांबली. पर्यटकांची पोरे अनवाणी पायांनी चिखल तुडवत होती आणि एक कारागीर लाकडी साच्यातून विटा पाडत होता. साताऱ्याकडे आमच्या शेताच्या कडेला दर हिवाळ्यात भट्टी लागायची. तिचे सगळे बालपण त्या धुरात गेलेले. तिने बराच वेळ त्याचा हात कसा चालतो ते पाहिले आणि मला म्हणाली, "ह्यांना हजाराला मजुरी किती मिळायची, विचार की."

मी विचारले. त्या माणसाने हात पुसले आणि नीट उत्तर दिले. हे काम बरेचसे गुलामांकडून करून घेतले जाई. त्यांना मजुरी नव्हती. मालकाने त्यांना दुसऱ्याकडे कामाला लावले, तर पैसे मालकाच्या खिशात जात. आईने पुढचा प्रश्न केला, "मग त्यांची नावं तरी कुठं लिहून ठेवलीत का?" थोड्यांची आहेत, तो म्हणाला, मालकांच्या हिशेबांत आणि मृत्युपत्रांत, गुराढोरांच्या आणि भांड्यांच्या यादीशेजारी.

तिसऱ्या इयत्तेपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने त्या गावाच्या वर्मावर बोट ठेवले होते. स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास विल्यम्सबर्गची वस्ती जेमतेम दोन हजारांची होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक काळे होते, जवळजवळ सगळे गुलाम. संग्रहालयानेही कित्येक दशके हा विषय दूर ठेवला. गुलामांचे आयुष्य मांडण्यासाठी सहा काळ्या कलाकारांना तिथे नेमले गेले ते १९७९ मध्ये. ऑक्टोबर १९९४ मध्ये क्रिस्टी कोलमन यांच्या पुढाकाराने तिथल्या काळ्या कर्मचाऱ्यांनी गुलामांच्या लिलावाचा प्रसंग भर रस्त्यात उभा केला, तेव्हा देशभर गदारोळ झाला. आमच्या पूर्वजांच्या यातनांचा खेळ मांडू नका, असे नागरी हक्कांच्या संघटनांचे म्हणणे होते. त्यांची वेदना मला कळते. तरीही तो प्रसंग उभा केला हे योग्यच झाले, असे मला वाटते. दुखते म्हणून झाकून ठेवलेली गोष्ट पुढच्या पिढीला खोटी वाटू लागते.

तिथे गेल्यावर ब्रे शाळा चुकवू नका. १७६० ते १७७४ या काळात ॲन वेजर नावाची शिक्षिका तिथे काळ्या मुलांना शिकवत असे. तीन-चार वर्षांच्या चिमुरड्यांपासून दहा वर्षांपर्यंतची ही मुले बहुतेक गुलाम होती. अक्षरे शिकवायची ती धर्मवचने वाचता यावीत आणि मालकाची आज्ञा पाळावी हे मनावर ठसावे म्हणून. पण एकदा अक्षर हाती आले की ते मुलाने कशाला वापरावे हे मालक ठरवू शकत नाही. ही इमारत एका कॉलेजच्या आवारात दुसऱ्याच नावाने उभी होती. लाकडाच्या वर्तुळांवरून झाड कधी तोडले हे काढून तिची ओळख पटली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती अख्खी उचलून, वाहनावर लादून आताच्या जागी आणली. फुले दांपत्याने ज्यात मुलींची शाळा काढली, तो पुण्यातला भिडे वाडा त्याच वर्षी डिसेंबरात स्मारकासाठी पाडला गेला. वाडा पार मोडकळीला आला होता, हे खरे. पण ब्रे शाळेच्या लाकडी जिन्यापाशी उभे राहिल्यावर मराठी माणसाला तो वाडा आठवल्याशिवाय राहणार नाही.

आणखी एक धागा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू जिने घरोघरी नेली त्या टॉमस पेनच्या लेखणीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. या देशाकडे बघताना जाहीरनामा आणि गुलामी या दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांसमोर ठेवायच्या असतात, हे आपल्याला दीडशे वर्षांपूर्वीच पुण्याच्या एका माणसाने दाखवून दिले आहे. अडीचशेव्या वर्षीच्या रोषणाईत ते विसरू नका.

ज्यांना लढायांची आवड आहे त्यांनी वीसेक किलोमीटरवरच्या यॉर्कटाउनलाही जावे. १७७५ ते १७८२ या काळात इंग्रज आपल्याकडे मराठ्यांशीही लढत होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांच्या फौजेला गुडघे टेकावे लागले. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपूवर त्याने स्वारी केली तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन त्याच्या बाजूने होते. तो मेला गाझीपूरला, आणि त्याची कबर तिथेच आहे. मुलांना इतिहासाचे पुस्तक कंटाळवाणे वाटत असेल, तर यॉर्कटाउनच्या मातीच्या बुरुजावर बसून त्यांना एवढे सांगा.

आता जाण्याविषयी. ४ जुलैला शक्यतो जाऊ नका. या वर्षी तिथे गर्दी उसळणार, आणि मागे पन्नास माणसे उभी असताना कारागीर तुमच्याशी निवांत बोलणार कसा? शिवाय व्हर्जिनियाचा जुलै म्हणजे कोकणातला मे. जुलैतच जायचे असेल तर २५ तारीख धरा. १७७६ मध्ये त्या दिवशी जाहीरनामा विल्यम्सबर्गात मोठ्याने वाचला गेला, कॅपिटॉलपाशी, कोर्टापाशी आणि गव्हर्नरच्या वाड्यापाशी. त्यातली कोर्टाची इमारत मूळची आहे. आई-बाबांना झेपेल असा काळ खरा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. वॉशिंग्टनहून गाडीने अडीच-तीन तास लागतात, वाहतूक तुंबली तर जास्त. ॲमट्रॅकची रेल्वेही थेट विल्यम्सबर्गला जाते. रस्त्यांवर हिंडायला पैसे पडत नाहीत, इमारतींत आणि कारखान्यांत शिरायला तिकीट लागते. चालायचे पुष्कळ असते, तेव्हा गुडघे दुखत असतील तर चाकाच्या खुर्चीची लाज धरू नका. शाकाहारी असाल तर दशम्या आणि चटणी बरोबर ठेवा.

तिथे दोन प्रकारची माणसे भेटतात. काही जण जेफरसन, वॉशिंग्टन किंवा गोवन पॅम्फ्लेट हा गुलाम धर्मोपदेशक होऊन त्याच काळातून बोलतात. त्यांना विमान, मोबाइल असले काही विचारू नका. त्यांच्या काळातले विचारा, पण भिडस्तपणा न करता विचारा. समतेचे वाक्य लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. तुमच्या मुलीला त्याला त्याबद्दल विचारू द्या. दुसरे ते कारागीर. कपडे जुने, पण बोलतात आजचे, आणि त्यांना काहीही विचारता येते. एकाच दिवसात वीस दुकाने पालथी घालण्यापेक्षा एकाच ठिकाणी अर्धा तास बसा. आजी-आजोबांना इंग्रजी येत नसेल तर दुभाषे व्हा. ज्यांनी जाते ओढले, नांगर धरला, कुंभाराचे चाक पाहिले, ते जे विचारतील ते आपल्याला सुचणार नाही.

आई-बाबांना विमानतळावर बहुधा सहा महिने राहायची परवानगी मिळते. त्यातले दोन दिवस या वर्षी विल्यम्सबर्गला द्या.