अल्बम स्वतःच काढला, मग पैसे कुणाला? सातारा-सांगलीच्या प्रयोगशील कलाकारांना माहीत हवेत असे नियम

लॅपटॉप, मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर साताऱ्यात किंवा सांगलीत घरबसल्या अल्बम तयार होतो. समजा, एखाद्या कलाकाराने एकट्यानेच मिरजेच्या तंबोऱ्याचा नाद वीस मिनिटं ताणला आणि त्यात कास पठारावरचा पाऊस, साखर कारखान्याची घरघर मिसळली. कंपनी नको, स्टुडिओ नको. जगभर हा अल्बम ऐकता येईल. पण त्याचे पैसे मिळतील का?

अल्बम श्रोत्यांपर्यंत जातो कसा?

स्पॉटिफायवर गाणं थेट चढवता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड वार्षिक वर्गणी घेतं, सीडी बेबी प्रत्येक अल्बममागे एकदाच शुल्क घेतं. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड मिळतो. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी हा कोड तोच ठेवावा.

खरी मेख कुठे आहे?

स्पॉटिफायवर ट्रॅक किमान ३० सेकंद ऐकला की एक स्ट्रीम मोजला जातो. म्हणजे वीस मिनिटांची एक रचना पूर्ण ऐकली तरी मोजणी एक. तेवढ्याच वेळात एक-एक मिनिटाची वीस गाणी वाजली तर मोजणी वीस! संथ, दीर्घ संगीत करणाऱ्याचं नुकसान इथूनच सुरू होतं.

२०२४ पासून आणखी एक अट आली. मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. अट अल्बमला नाही, प्रत्येक ट्रॅकला आहे. त्या ट्रॅकच्या वाट्याची रक्कम अट पूर्ण करणाऱ्या ट्रॅकमध्ये वाटली जाते. थोडक्यात, छोट्याचा चिल्लर वाटा मोठ्याच्या खिशात. पावसाचे, यंत्रांचे आवाज ‘नॉइज’ या वर्गात गेले तर मोबदला आणखी कमी.

याच २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. वाद्याच्या नावाला संरक्षण आहे, पण त्याचा नाद ताणून नवं काही करणाऱ्याला हा हिशेब झेपणारा नाही. फसव्या अपलोडना आळा घालायचा तर तो जरूर घालावा, त्यासाठी नवख्याचा वाटा कापायचं कारण पटत नाही.

माध्यमाने संगीताला कात्री लावणं नवीन नाही. मिरजेत राहिलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या काळात ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावत, राग तेवढ्यात बसवावा लागे. तेव्हा अडचण लाखेची होती. आताची मर्यादा कंपनीने ठरवलेली आहे आणि ती बदलता येते.

मग करायचं काय?

थेट विक्री हा सध्या बरा मार्ग. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापतं, तिथे रचनेच्या लांबीने फरक पडत नाही.

हक्कांचंही पाहावं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार रचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. स्वतः रचून स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड केलं तर दोन्ही कलाकाराचे. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. रचनेची रॉयल्टी आयपीआरएस गोळा करतं, पण त्याचं सभासद व्हावं लागतं. पुढे एखादी कंपनी करार घेऊन आली तर मुदत आणि प्रदेश हे दोन रकाने आधी तपासावेत. ते कोरे असतील तर कलम १९ नुसार मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत असा धरला जातो.